यंत्र-तोतया रंगमंचावर कसा उभा करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायकाला संपवण्यासाठी कोणीतरी त्याच्यासारखाच यंत्रमानव घडवतो आणि एके दिवशी तो यंत्रमानव स्वतःच्या डोक्याने विचार करू लागतो. इंदूरमध्ये गणेशोत्सवात किंवा दिवाळीच्या सुट्टीत मराठी बालनाट्य बसवणाऱ्यांना हा विषय फार आवडतो, आणि मुलांना त्याहून जास्त. संहितेपासून डोळ्यांतल्या दिव्यांपर्यंत जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

‘रोबो’ सोडून ‘यंत्र-तोतया’ का म्हणायचं?

कारण ‘तोतया’ या शब्दात अर्धं नाटक आधीच आहे. पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ साली, आपण सदाशिवरावभाऊच आहोत असा दावा करणाऱ्या तोतयाने कोकणात फौज उभी केली. तो शब्द ऐकला की मराठी प्रेक्षक लगेच दोन चेहरे शोधू लागतो. ‘रोबो’ म्हटलं की फक्त पत्रा दिसतो.

तरी त्या शब्दाचं मूळ नटांना जरूर सांगा. कारेल चापेक या चेक लेखकाचं ‘आर.यू.आर.’ हे नाटक १९२१ साली प्रागला रंगमंचावर आलं आणि ‘रोबोट’ हा शब्द जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार. वेठीला धरलेला माणूस कधीतरी ‘नाही’ म्हणणार, हे त्या शब्दातच आलं. तोतयाचं काम करणाऱ्या मुलाला एवढं कळलं की त्याचा ताठरपणा निराळा दिसतो. लाकडासारखा ताठ आणि हुकमाने ताठ यांत फरक असतो.

त्याला विचार करता येऊ लागतो, ते कशामुळे? वीज पडली किंवा तार तुटली असं दाखवलं तर चालेल का?

चालेल, पण नाटक तिथेच संपेल. अपघाताने आलेली बुद्धी उद्या अपघातानेच जाईल, त्यामुळे प्रेक्षक तोतयात गुंतत नाही. आमचा आग्रह असा की विचाराचं कारण तोतया घडवणाऱ्या कारागिराने दिलेल्या हुकमातच असावं.

हुकूम काय असतो? ‘त्याच्यासारखा हो आणि त्याला हरव.’ आता हुबेहूब नायक व्हायचं तर त्याची उडी, त्याचा ठोसा घेऊन भागत नाही. त्याचं थांबणंही घ्यावं लागतं. समजा, कोणाचं काही खाली पडलं की नायक लढाई चालू असतानाही वाकून उचलतो. कारागीर त्याला दुबळेपणा म्हणतो, पण तो वगळला तर नक्कल चुकते, म्हणून त्याला तोही तोतयात भरावाच लागतो. पुढे एका प्रवेशात रंगमंचावर नायक नाही, कारागीर नाही, एका म्हाताऱ्याची टोपी पडते आणि तोतया वाकतो. ज्याची नक्कल करायची तो समोर नसताना केलेली ही पहिली कृती. विचार इथे सुरू होतो. पार्श्वसंगीत नको, भाषण नको. टोपी उचलून हातात धरावी आणि तीन सेकंद तिच्याकडे पाहावं, बस्स.

आपल्या पुराणांतही याचा दाखला आहे. सूर्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञा आपल्या जागी छायेला ठेवून गेली. छाया दिसायला तशीच, पण तिला स्वतःची मुलं झाली आणि ती त्यांना झुकतं माप देऊ लागली. तिचं वेगळेपण उघडं पडलं ते तिच्या मायेतून. उलट उदाहरण पौंड्रकाचं. तो श्रीकृष्णाचं सोंग घेऊन ‘खरा वासुदेव मीच’ म्हणाला आणि शेवटपर्यंत सोंगच राहिला. संहिता लिहिताना आपला तोतया छायेच्या वाटेने जातोय की पौंड्रकाच्या, हे पहिल्याच पानावर ठरवा. दोन्ही वाटांनी चालवला तर मध्यंतरानंतर तो काय करतोय हे लेखकालाच कळेनासं होतं.

प्रेक्षकाला तो बिघडलेला वाटतो, विचार करतोय असं वाटत नाही. काय चुकतं?

बिघाड तोच तोच होतो. विचाराने पुढची कृती बदलते. तोतया तीनदा मान झटकून थांबला तर तो बिघडलेला. एकदा थांबला, नायकाने सोडलेली काठी पाहिली आणि पुढच्या वेळी स्वतःची काठी हळूच खाली ठेवली, तर तो विचार करतोय. म्हणून झटके, ठिणग्या, ‘त्रुटी, त्रुटी’ असे संवाद शक्यतो काढून टाका.

हमखास लागू पडणारी आणखी एक खूण म्हणजे तोतयाने कारागिरापासून काहीतरी लपवणं. ती टोपी त्याने पाठीमागे धरली की मुलं आपोआप ओरडतात, ‘त्याला कळलं!’

आरशाचा प्रवेश कसा बसवावा?

सगळ्यात जास्त तालीम याच प्रवेशाला लागते आणि सगळ्यात कमी याच प्रवेशाला मिळते.

आधी ठरवा: प्रतिबिंब की नक्कल? समोरासमोर उभे असताना नायकाने उजवा हात उचलला आणि तोतयाने डावा उचलला, तर ते प्रतिबिंब. त्यानेही उजवाच उचलला, तर नक्कल. दोन्हींची सरमिसळ झाली की सगळा डोलारा कोसळतो. लहान मुलांना प्रतिबिंब सोपं जातं, कारण समोर दिसतं तसंच करायचं असतं. पाठोपाठ उभं राहायचं असेल तर नक्कल घ्या.

मग तबल्यावर तीनताल लावा. लय संथ, सेकंदाला साधारण एक मात्रा. सोळा मात्रांचं एक आवर्तन, अशी पाच आवर्तनं पुरतात. पहिल्यात तोतया नायकाच्या एक मात्रा मागे. दुसऱ्यात अर्धी मात्रा मागे. तिसऱ्यात अगदी बरोबर, इथे टाळ्या पडतात. चौथ्यात तोतया अर्धी मात्रा पुढे, म्हणजे नायक काय करणार ते त्याला आधीच कळलंय. हा भाग भीतीचा आहे, प्रकाश कमी करा. पाचव्यात नायक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, हात उचलतो आणि तोतया उचलत नाही. सम रिकामी जाते. सोळा मात्रा मोजायची सवय कानाला लागलेली असते, त्यामुळे संगीत न कळणाऱ्यालाही ती रिकामी सम टोचते.

नेहमी चुकतं ते चौथ्या आवर्तनात. नायकाचं काम करणारा मुलगा नकळत तोतयाकडे बघून चालू लागतो आणि दोघं पुन्हा एकत्र येतात. उपाय म्हणजे त्याची नजर प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर एका खुणेला बांधून द्यायची. तालमी पहिले आठ दिवस मुखवट्याशिवाय घ्या, नंतरच्या सगळ्या मुखवट्यासकट. मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही आणि अर्ध्या मात्रेचा हिशेब कोलमडतो.

दोन नट सारख्या उंचीचे हवेत का?

नको. शिरस्त्राण आणि तळवे मिळून उंची ६ ते ८ सेंटीमीटरने वाढते, तेव्हा तोतया तेवढा बुटका निवडा. चेहरा झाकलेलाच असतो. जुळायला हवी ती चाल आणि खांद्यांची रुंदी.

चिलखत कशाचं करावं? पुठ्ठा, थर्माकोल की फोम?

ईव्हीए फोम. योगासनांच्या चटया आणि मुलांच्या कोड्याच्या चटया याच जातीच्या असतात. पुठ्ठा घामाने दुसऱ्याच प्रयोगाला मऊ पडतो. थर्माकोल मोडतो, शिवाय रबरी सोल्यूशन लावलं की विरघळतो.

१० ते १२ वर्षांच्या मुलासाठी छाती, पाठ आणि शिरस्त्राणाला १० मिलिमीटर जाडीचा साधारण एक चौरस मीटर फोम लागतो, हातापायांना ५ मिलिमीटरचा दोन चौरस मीटर, आणि चिकटवायला अर्धा लिटर रबरी सोल्यूशन. बेताचे कागद (फोम कापायचे नमुने) काढायची सोपी रीत अशी: मुलाला जुना टी-शर्ट घाला, त्यावर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ पन्नी गुंडाळा, वर कागदी मास्किंग टेप चिकटवा, जोड जिथे हवेत तिथे पेनाने रेघा मारा आणि बोथट टोकाच्या कात्रीने पाठीकडून कापून काढा. रेघांवर तुकडे केले की तुमचे बेत तयार. मान आणि छाती आवळून गुंडाळू नका.

फोम कापताना कटरचं पातं उभं धरा. कोपरा वळवायचा तिथे ४५ अंशात तिरकं. कडा फाटल्यासारख्या येत असतील तर दोष हाताचा नसून पात्याचा आहे. फोम पातं लवकर बोथट करतो, टोकाची खाच मोडून नवी धार घ्या.

सोल्यूशन दोन्ही कडांना लावून सुमारे दहा मिनिटं थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. ओलं असताना जोडलं तर सांधा सुटतो. आणि एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मध्यापासून दोन्हीकडे दाबत जा. हे काम गच्चीवर किंवा खिडक्या उघडून करा आणि मुलांना लांब ठेवा, वासाने डोकं चढतं.

कोपर, गुडघा, काख इथे फोम नकोच. तिथे ३-४ सेंटीमीटरची फट सोडून आतून काळी लायक्रा. या फटी नसतील तर नट बसू शकत नाही, टोपी उचलायला वाकू शकत नाही, आणि आपलं सगळं नाटक त्या वाकण्यावर आहे.

चंदेरी रंग दुसऱ्या दिवशी तडकतो. का?

कच्चा फोम रंग पितो आणि वाकल्यावर वरचा थर फुटतो. आधी हीट गन फिरवा. मंद पृष्ठभागावर किंचित चकाकी आली की लगेच पुढे सरका, जास्त थांबलात तर फोडासारखे डाग पडतात. मग पांढरा फेविकॉल पाण्यात सारखा मिसळून तीन-चार हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. त्यावर काळा रंग आणि त्यावर चंदेरी. शेवटी सांध्यांत पातळ काळा रंग ओतून फडक्याने पुसा, नाहीतर रंगमंचाच्या उजेडात सगळं सपाट दिसतं. चमकी कागद मात्र नको. तो दिवा सरळ पहिल्या रांगेच्या डोळ्यांत फेकतो.

डोळे लाल असतात ते निळे व्हायला हवेत. जोडणी कशी करावी?

साधी रीत आधी. भिंतीवरच्या घड्याळात लागतात ते तीन सेल एकामागे एक जोडले की ४.५ व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, निळ्याला सुमारे ३.२. म्हणून प्रत्येक लाल एलईडीला १८० ओहमचा आणि प्रत्येक निळ्याला १०० ओहमचा रेझिस्टर द्या, प्रवाह १३-१४ मिलिअँपिअर राहतो. दोन एलईडींना मिळून एकच रेझिस्टर दिला तर एक डोळा तेजाळ आणि दुसरा मिणमिणता होतो. दोन रंगांमध्ये एक दुहेरी बटण बसवलं की काम झालं.

हळूहळू रंग बदलायचा असेल तर अर्दुइनो नॅनो (प्रोग्राम लिहून चालवता येणारी छोटी सर्किट पाटी) वापरा. तिच्या ३, ५, ६ आणि ९ क्रमांकांच्या पिनांवरून तेज कमीजास्त करता येतं. ३ आणि ५ वर लाल, ६ आणि ९ वर निळा. एका पिनेवर एकच एलईडी, लालला २२० ओहम, निळ्याला १५० ओहम. चार वेगळ्या पिनांचा खरा फायदा नाट्याचा आहे: आधी एकच डोळा निळा करता येतो. टोपी उचलताना डावा डोळा, शेवटच्या ‘नाही’ला उजवा.

इथे तीन अडचणी नेमाने येतात. पहिली, मोबाइलची पॉवर बँक. एवढा कमी प्रवाह तिला जाणवत नाही आणि काही वेळाने बऱ्याच पॉवर बँका स्वतःहून बंद पडतात, तेही ऐन प्रवेशात. त्याऐवजी सहा सेलांचे ९ व्होल्ट नॅनोच्या व्हीआयएन पिनेला द्या. दुसरी अडचण, आठ सेकंदांचा बदल दोनच सेकंदांत आटोपल्यासारखा वाटतो. मंद उजेडातला फरक डोळ्यांना जास्त जाणवतो, म्हणून तेजाची पायरी सरळ न देता तिचा वर्ग करून २५५ ने भागा. आणि तिसरी त्यातूनच येते: नॅनोवर साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच जातो. १८१ चा वर्ग ३२,७६१, म्हणजे १८२ व्या पायरीला गणित उलटतं आणि डोळा भलताच लुकलुकतो. तिथे ‘लाँग’ प्रकारचा अंक घ्या.

एलईडीसमोर २-३ मिलिमीटरचं दुधी अ‍ॅक्रिलिक लावा, मागच्या बाजूला काळी टेप. नाहीतर उजेड नटाच्याच डोळ्यांत जातो. नटाला बघायला डोळ्यांखाली बोटभर आडवी फट ठेवून तिला काळी जाळी लावा. बाहेरून ती गालाची सावली वाटते.

बटण, एलईडी, रेझिस्टर इंदूरच्या जेल रोडला आणि महाराणी रोडला मिळतात. प्रत्येक वस्तू दुप्पट घ्या. प्रयोगाच्या दिवशी दुकान बंद असण्याची शक्यता नेहमी धरून चाला.

आवाज यांत्रिक कसा करायचा?

शिरस्त्राणाच्या आत छोटा माइक, हनुवटीपासून दोन बोटं दूर, आणि आत सगळीकडे पातळ स्पंज, म्हणजे डब्यातून बोलल्यासारखा घुमारा येत नाही. मिक्सरवर किंवा लॅपटॉपवर रिंग मॉड्युलेशन (आवाजाला थरथर देणारा परिणाम) ३० ते ५० हर्ट्झवर ठेवलं की ओळखीचा खरखरीत यंत्रस्वर मिळतो. ब्लूटूथ स्पीकर वापरू नका. आवाज क्षणभर उशिरा येतो आणि स्वतःचंच बोलणं उशिरा ऐकू आलं की चांगला बोलणारा मुलगाही अडखळतो. तार ओढा.

दुसऱ्या अंकात हा परिणाम प्रवेशागणिक थोडाथोडा कमी करत न्या. शेवटच्या वाक्याला पूर्ण बंद.

त्याने मराठी कोणती बोलावी?

हा प्रश्न इंदूरमध्ये सोन्यासारखा आहे. इथल्या मुलांचं मराठी शाळेतल्या हिंदीत मुरलेलं असतं, आणि बरेच दिग्दर्शक ते खोडून काढतात. तोतयाला सुरुवातीला अगदी छापील भाषा द्या: ‘मी आदेशाचे पालन करीत आहे.’ जसजसा तो विचार करू लागेल तसतशी नायकाची, गल्लीतली बोली त्याच्या तोंडी येऊ द्या. शेवटी कारागिराला तो ‘नाही करणार, भिया’ (इंदुरी बोलीतला ‘भाऊ’) म्हणाला की पूर्ण सभागृहाला कळतं की हा आता आपल्यातला झाला. शुद्ध भाषेच्या आग्रहापायी हा क्षण घालवू नका.

मुलाला आत गुदमरत नाही ना?

फोममधून हवा जात नाही, म्हणून हा प्रश्न हलका घेऊ नका. सलग १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ शिरस्त्राण घालू नये, आणि संहितेतच त्याला दर दहा-बारा मिनिटांनी विंगेत जाण्याचं निमित्त ठेवावं. आत सुती बनियन, शिरस्त्राणाच्या मागे ४० मिलिमीटरचा ५ व्होल्टचा छोटा पंखा हवा बाहेर फेकणारा, आणि विंगेत स्ट्रॉ घातलेली पाण्याची बाटली. शिरस्त्राण एका हाताने, दोन सेकंदांत काढता आलं पाहिजे: वेल्क्रो चालेल, बकल नको. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा तालीम सकाळी घ्या. हाताने खूण ठरवा (मूठ दोनदा उघडझाप) आणि ती दिसली की प्रयोग तिथेच थांबवा.

नट नको, गणपतीच्या देखाव्यात हलता तोतया करायचा आहे. जमेल?

ज्या शहरात अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या हलत्या झांक्या (चित्ररथ) निघतात तिथे जमणार नाही असं कसं होईल! गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर घ्या. तिच्या आत वर्म गिअर असतो, त्यामुळे वीज गेली तरी उचललेला हात धपकन खाली येत नाही. वेग माणसाच्या हालचालीला जास्त होतो, म्हणून कमी वेगाची जोडणी वापरा. एक सावधगिरी: बऱ्याच वायपर मोटरींचं धातूचं अंगच ऋण टोक असतं. लोखंडी सांगाड्याला बसवताना मधे रबर घाला. नायक आणि तोतया एकाच मोटरीवर आडव्या दांडीने जोडले की दोघं बरोबर हलतात, आणि तोतयाच्या दांडीतली एक खीळ दोरीने ओढून काढता येईल अशी ठेवली की ठरल्या क्षणी तो थांबतो. नायकाचा हात हलतच राहतो.

शेवटी तोतयाला मारावं का?

नायकासाठी त्याने जीव द्यावा, हा शेवट सगळ्यात जास्त लिहिला जातो. आम्हाला तो पटत नाही. ज्याला आत्ताच स्वतःचं मन मिळालं त्याला लगेच दुसऱ्यासाठी खर्च करणं ही नव्याने लादलेली वेठच झाली. तो नायकाचा मित्र झालाच पाहिजे असंही नाही. त्याने नायकाकडे पाठ करून, नायकाने कधी न केलेलं काहीतरी करत निघून जावं: गुणगुणत, बसून, पतंगाचा मांजा गुंडाळत. त्या एका कृतीवर लेखकाने आठवडा घालवला तरी तो सत्कारणी लागला समजा.

ओळखीचं तयार पात्र वापरलं तर? मुलं मेटल सॉनिकच मागतात.

मुलांचं बरोबर आहे, सेगा कंपनीच्या १९९३ सालच्या ‘सॉनिक’ व्हिडिओ गेममध्ये आलेला तो याच जातीचा यंत्र-तोतया. पण त्याचं नाव आणि रूप कंपनीच्या मालकीचं आहे. तिकीट लावणार असाल किंवा चित्रफीत टाकणार असाल तर स्वतःचं पात्र घडवा. नायकाला नक्कल करण्याजोगी एक लकब आणि एक सवय दिलीत की निम्मं पात्र उभं राहिलं.

खरी यंत्रं असं करू शकतात का? मुलं प्रयोगानंतर विचारतात.

माणसाचं बघून शिकणारी यंत्रं आहेत. ती जे पाहिलं त्याच्या आसपास छान वागतात, पण शिकवणारा कधी गेला नाही अशा जागी पोहोचली की चूक होते, त्या चुकीतून ती आणखी अनोळखी जागी जातात आणि चुका साठत जातात. त्याला स्वतंत्र मन म्हणता येणार नाही, आणि मुलांना तसंच सरळ सांगावं. संहितेला मात्र यातून चांगली कल्पना मिळते: नायकाने तोतयाला आपण स्वतःही कधी न पाहिलेल्या ठिकाणी न्यावं. तिथे नक्कल करायला काहीच उरत नाही.

प्रयोगानंतर सामान कसं ठेवायचं?

सेल त्याच रात्री काढा, गळले तर जोडण्या हिरव्या पडतात. आतला स्पंज आणि लायक्रा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पंख्याखाली वाळवा. छातीचा भाग घडी घालू नका, उशी भरून उभा ठेवा. फोम दबला तर पुढच्या वर्षी हीट गनने पुन्हा गोलाई देता येते, पण रंगावर सुरकुत्या राहतातच. आणि उरलेल्या चंदेरी रंगाच्या डब्यावर तारीख घाला.